डच पद्धतीचं फुलांचं चित्र: एकेक फूल जमवत भरलेली फुलदाणी

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्यांच्या हाताला एक सवय लागलेली असते. समोर वस्तू मांडलेल्या, वेळ ठरलेली आणि जे दिसतंय ते सगळं एकाच बैठकीत कागदावर उतरवायचं. सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांसारखं फुलांचं चित्र करायचं मनात घेतलं तेव्हा मीही तशीच बसले. पहाटे फूलबाजारातून गुलाब, लिली, कार्नेशन आणली, पितळी तांब्यात रचली आणि मोठा कॅनव्हास लावला. दुसऱ्या दिवशी लिलीच्या कळ्या उमलून गुलाबांवर आल्या. तिसऱ्या दिवशी गुलाबांनी माना टाकल्या. चौथ्या दिवशी चित्रात एक गुच्छ होता आणि तांब्यात दुसराच.

माझा क्रमच चुकला होता, हे कळायला पुढे बरेच महिने गेले. ज्यांच्यासारखं काढायचं होतं, त्यांनी असा गुच्छ समोर ठेवून चित्र केलेलंच नाही. हेगच्या माउरित्सहाउस संग्रहालयात आम्ब्रोसियस बॉसखार्टचं १६१८च्या सुमाराचं चित्र आहे. कमानीच्या खिडकीत फुलदाणी आणि मागे दूरवरचा निळसर देखावा. या परंपरेतल्या अशा चित्रांत ट्यूलिप आणि गुलाब शेजारी शेजारी, दोन्ही ऐन बहरात दिसतात. तिकडे ट्यूलिप फुलतो एप्रिल-मेमध्ये आणि बागेतले जुने गुलाब जूनमध्ये. म्हणजे अशी फुलदाणी कोणाच्या टेबलावर कधी नव्हतीच. अँटवर्पच्या थोरल्या यान ब्रूगेलने १६०६ मध्ये मिलानच्या कार्डिनल बोरोमेओला कळवलं होतं की अँटवर्पला न मिळणारी काही फुलं प्रत्यक्ष पाहून काढायला तो ब्रुसेल्सला गेला. डच चित्रकार यान फान हॉइसुमने १७४२ च्या एका पत्रात लिहिलं की गेल्या वर्षी पिवळा गुलाब मिळाला नाही, नाहीतर चित्र पुरं झालं असतं. एका गुलाबासाठी वर्ष थांबायची या लोकांची तयारी होती. बाकीचे आधी करून ठेवलेल्या अभ्यासचित्रांवरून काम करत. बॉसखार्टच्या निरनिराळ्या चित्रांत तेच फूल त्याच कलात पुन्हा दिसतं, ते त्यामुळेच.

तेव्हा आधी फुलांचा साठा, मग रचना आणि त्यानंतर चित्र. तैलरंग थोडेफार हाताळलेत असं धरून पुढचं लिहिते आहे.

साठा करणं

हे काम सहा महिने चालेल, आणि चालू द्या. पोस्टकार्डाच्या दुप्पट आकाराचे जाड कागद घ्या, त्यांवर जेसोचे, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात मारून ठेवा. एका कागदावर एकच फूल, मूळ आकाराएवढं. डच चित्रांत फुलं बहुतेक मूळ आकाराच्या आसपासच असतात आणि त्यामुळेच ती इतकी खरी वाटतात.

प्रत्येक फुलाची निदान तीन चित्रं करा: समोरून, तिरपं आणि पाठीमागून. पाठीमागचं चित्र टाळायचा मोह होतो, पण गुच्छात निम्मी फुलं मान वळवून बसलेली असतात. पाकळ्या देठाला कुठे आणि कशा धरल्यात हे माहीत नसेल तर ती फुलं चिकटवल्यासारखी दिसतात. गुलाबाची हिरवी निदलं, कार्नेशनची ती लांबट नळी हे सगळं मागूनच कळतं.

एक गोष्ट मात्र अगदी कसोशीने पाळा. प्रकाश नेहमी डावीकडून, वरून आणि एकाच उंचीवरून यायला हवा. फेब्रुवारीत काढलेला डेलिया आणि ऑक्टोबरमधली शेवंती एका फुलदाणीत येणार आहेत. एकीवर उजेड डावीकडून आणि दुसरीवर उजवीकडून असेल तर कितीही सुंदर काढलं तरी ती एकत्र नांदणार नाहीत. मी टेबलाच्या कडेला दिव्याची जागा खडूने आखून ठेवली आहे. दिवा एलईडीचा घ्या, कारण जुन्या पिवळ्या बल्बच्या उष्णतेने गुलाब तासाभरात उमलून पसरतो.

फुलं कोणती? आपल्याकडची चालतात, कारण डच चित्रकारही हाताशी येईल ते काढत आणि त्यांच्या हाताशी जगभरातून आलेलं येत होतं. झेंडू त्यांच्या चित्रांत आहे. मेक्सिकोकडचं हे फूल सोळाव्या शतकात युरोपात पोचलं. आपल्या दसऱ्याच्या तोरणातला झेंडूही मूळचा तिकडचाच. त्याच्या पाकळ्यांची मखमल आणि कडेला पिवळी होत जाणारी तांबूस छटा काढायला शिकलात तर एक अस्सल डच फूल तुमच्या साठ्यात आलं. थंडीत रोपवाटिकांमध्ये पॅन्सी, पिटुनिया, हॉलीहॉक, डेलिया मिळतात. ते डिसेंबर ते फेब्रुवारीत उरकून घ्या. गुलाबाबाबत एक सांगते: फुलवाल्याकडचा लांब दांड्याचा, टोकदार कळीचा गुलाब इथे उपयोगी नाही. डच चित्रांतला गुलाब वाटीसारखा गोल, पाकळ्यांनी गच्च भरलेला आणि स्वतःच्याच वजनाने किंचित वाकलेला असतो. गुलकंदाला वापरतात तो गावठी गुलाबी गुलाब त्याच्या खूप जवळचा आहे. त्याचं फूल सकाळी सातला आणून दहाच्या आत काढून झालं पाहिजे.

ज्वाळांसारख्या पट्ट्यांचा ट्यूलिप मात्र इथे मिळणार नाही. तसे ट्यूलिप म्हणजे खरं तर रोगट कंद होते. मावा किडीमार्फत पसरणाऱ्या एका विषाणूमुळे पाकळीचा रंग तुटतो आणि पांढऱ्या किंवा पिवळ्यावर लाल, जांभळे ओघळ उमटतात. कारण विसाव्या शतकात समजलं. १६३६-३७ मध्ये मात्र याच कंदांवर लोकांनी सट्टा खेळला आणि फेब्रुवारी १६३७ मध्ये तो कोसळला. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावर जुन्या चित्रांच्या मोठ्या प्रतिमा फुकट उतरवून घेता येतात. त्यांतला एकेक ट्यूलिप मोठा करून त्यावरून अभ्यास करा. व्यापाऱ्यांसाठी ट्यूलिपच्या जलरंगातल्या चित्रवह्याही तेव्हा तयार होत, त्यांतही प्रत्येक पानावर एकच फूल असतं.

दहा-बारा प्रकारची फुलं, चार-पाच प्रकारची पानं आणि एखादं फुलपाखरू इतका साठा झाला की पुढे सरका.

फळी आणि अस्तर

या कामाला गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. डच चित्रकार ओकच्या फळीवर खडू आणि प्राणिज सरसाचं अस्तर देत, काही तांब्याच्या पत्र्यावर काढत. पुढे कॅनव्हासही आला, पण पहिल्या चित्राला तो घेऊ नका. त्याचा पोत बारीक रेषेला अडवतो आणि कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात तो सैल पडतो. ९ मिलिमीटरचा एमडीएफ किंवा चांगला प्लायवूड, १२ बाय १६ इंच, पुरेसा आहे. पाठीमागून आणि कडांनाही जेसो लावा, नाहीतर एका बाजूने ओल धरून फळी वाकते. पुढच्या बाजूला तीन-चार हात आडवे-उभे आलटून पालटून द्या आणि प्रत्येक हात वाळला की ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. बोट फिरवल्यावर अंड्याच्या कवचासारखं लागलं पाहिजे. मग रॉ अंबर आणि यलो ऑकर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळीकडे फिरवा आणि कापडाने पुसून काढा. उरतो तो कोऱ्या पोळीसारखा ऊबदार रंग. त्यावर पांढरंही नीट दिसतं आणि काळंही.

बटर पेपरवरची रचना

साठ्यातली फुलं बटर पेपरवर गिरवून घ्या, कात्रीने कापा आणि फळीच्या आकाराच्या कागदावर सरकवत बसा. दोन-तीन दिवस मांडून ठेवा, येता-जाता बघा, हलवा. माझी अर्धी चित्रं इथेच सुधारली आहेत.

रचनेच्या दोन वाटा आहेत. बॉसखार्टची जुनी वाट म्हणजे जवळजवळ सममित, अंडाकृती गुच्छ. प्रत्येक फूल स्वतंत्र, सगळ्यांवर सारखा उजेड, कोणी कोणाला फारसं झाकत नाही. नंतरच्या पिढीत यान डे हेम, विलेम फान आल्स्ट आणि राखेल रॉइश यांनी गुच्छ मोकळा केला. मधली फुलं उजेडात, कडेची सावलीत बुडालेली, देठ नागमोडी, एखादी फांदी फुलदाणीबाहेर झुकून ओट्यावर आलेली. पहिलं चित्र बॉसखार्टच्या वाटेने करा. तिथे चुका लपत नाहीत आणि प्रत्येक फूल शिकून होतं.

दोन्ही वाटांना काही गोष्टी सारख्याच लागू पडतात. पांढरी, फिकट गुलाबी, पिवळी फुलं मध्यभागी येऊ द्या. निळी, जांभळी आणि गर्द लाल कडेला गेली की गुच्छ गोल वाटतो. गुच्छाची उंची फुलदाणीच्या दुपटीहून जास्त ठेवा. खऱ्या फुलदाणीत इतकं मावत नाही, देठ पोचतही नाहीत, पण चित्रात ते चालतं. सर्वांत वर एकच दिमाखदार फूल हवं. खाली दगडी ओटा, त्यावर गळालेली एखादी पाकळी किंवा शंख ठेवा. फुलदाणी काचेची घेतलीत तर तिच्या पोटावर खिडकीचं वाकडं प्रतिबिंब काढायला विसरू नका. नुसतं तेवढं काढलं तरी काच गोल दिसते.

रंग आणि तेल

त्यांचं शिसं असलेलं पांढरं आणि पिवळं, पाऱ्याचं हिंगुळ विषारी. आपल्याला ते नको. टायटेनियम व्हाइट घ्या, पण तो थंड आणि बोजड असतो. त्यात कणभर ऑकर मिसळला की जुन्या पांढऱ्याजवळ जातो. हिंगुळाऐवजी कॅडमियम रेड लाइट आणि शिशाच्या पिवळ्याऐवजी कॅडमियम यलो लाइट घ्या, पांढऱ्याने फिकट करून. मंजिष्ठेच्या पारदर्शक लालसाठी पर्मनंट ॲलिझरीन किंवा क्विनाक्रिडोन रोझ घ्या. साधा ॲलिझरीन क्रिमझन पातळ थरात कालांतराने उडतो. सोबत अल्ट्रामरीन, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, रॉ अंबर, बर्न्ट अंबर आणि एखादा पारदर्शक पिवळा घ्या.

तेल रंगांच्या दुकानातलं शुद्ध लिन्सीड घ्या. हार्डवेअरवाल्याकडचं डबल बॉइल्ड स्वस्त पडतं, पण ते गडद असतं आणि पांढरी फुलं दोन वर्षांत पिवळी पाडतं. पहिला थर टर्पेंटाइनने पातळ, मधला अर्धं तेल-अर्धं टर्पेंटाइन आणि शेवटची ग्लेझ, म्हणजे पारदर्शक रंगाचा पातळ थर, दोन भाग तेल-एक भाग टर्पेंटाइन. वरचा थर खालच्यापेक्षा तेलकटच हवा. उलट झालं तर वरचा आधी वाळून कडक होतो, खालचा अजून हलत असतो आणि चित्र तडकतं.

मेलेला रंग

बटर पेपरवरची रचना फळीवर उतरवली की पहिला थर. त्याला डच भाषेत 'डोडवेर्फ' म्हणतात, म्हणजे मेलेला रंग. इथे फुलाला पाकळ्या नसतात. गुलाब म्हणजे मळकट गुलाबी चेंडू, ट्यूलिप म्हणजे राखाडी अंडं, आयरिस म्हणजे निळसर ढग. प्रत्येकाची उजेडाची बाजू आणि सावलीची बाजू एवढंच ठरवा. सगळा गुच्छ याच थरात पुरा करा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघा. इथून गुच्छ गोल दिसला नाही तर वर कितीही बारीक काम केलं तरी दिसणार नाही. त्यामुळे या थरात घाई करू नका.

पार्श्वभूमीही आताच द्या. मोठ्या फुलांच्या जागा मोकळ्या सोडून त्यांच्या भोवतीने रंगवा. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन मिसळलेला ऊबदार अंधार ट्यूबमधल्या काळ्यापेक्षा खोल दिसतो. डावीकडे, उजेडातल्या फुलांच्या मागे तो जास्त गडद आणि उजवीकडे सावलीतल्या फुलांच्या मागे किंचित उजळ ठेवा. बारीक देठ, गवताचे तुरे आणि वेलीचे तंतू मात्र पार्श्वभूमी वाळल्यावर तिच्यावरून काढायचे.

एक गुलाब, तीन दिवस

मेलेला रंग वाळला की एका बैठकीत एकच फूल घ्या. गुलाबाचं सविस्तर सांगते, बाकीची त्यावरून सुचतील.

पहिल्या दिवशी पॅलेटवर गुलाबीच्या तीन ढिगल्या मळा: उजेडाची (पांढरा, कणभर कॅडमियम रेड), मधली आणि सावलीची (त्यात रॉ अंबर). सुरुवात फुलाच्या गाभ्यापासून, सर्वांत गडद फटीपासून करा आणि बाहेर येत जा. पाकळीची कड जिथे उजेडात येऊन मुडपते तिथे ती ठळक ठेवा, सावलीतल्या पाकळ्यांच्या कडा कोरड्या मऊ ब्रशने हलकेच विरघळवून टाका. सगळ्या कडा सारख्याच धारदार झाल्या की गुलाब पत्र्याचा वाटतो. नवशिक्यांच्या चित्रात मला हाच दोष सर्वाधिक दिसतो. दुसरा दिवस, म्हणजे आठवडाभराने वाळल्यावरचा, ग्लेझचा. तेलात कालवलेला पारदर्शक लाल गाभ्यात आणि पाकळ्यांच्या मुळाशी पातळ पसरा आणि उजेडाच्या भागावरून बोटाने पुसून घ्या. खालचा गुलाबी या लालमधून आतून पेटल्यासारखा दिसतो. ट्यूबमधला कुठलाही गुलाबी हे देत नाही. तिसऱ्या दिवशी सर्वांत उजळ पाकळीच्या मुडपलेल्या ओठावर पांढऱ्यात पिवळ्याचा थेंब घालून एक-दोन जाडसर फटकारे द्या आणि थांबा.

ट्यूलिपच्या ज्वाळाही अशाच थरांनी होतात. आधी पाकळी पूर्ण पांढरी-राखाडी, वाळलेली. मग लांब केसांच्या रिगर ब्रशने लाल ग्लेझ पाकळीच्या कडेकडून आत ओढा, पाकळीच्या गोलाईवरून. रेघ सरळ गेली की पट्टा, गोलाईवरून वळली की ज्वाळा.

पानं

संग्रहालयातल्या अनेक डच चित्रांत पानं निळी दिसतात. ती तशी रंगवलेली नव्हती. निळ्यात किंवा निळ्यावर वनस्पतींपासून केलेला पारदर्शक पिवळा वापरत. शतकांच्या उजेडाने तो उडाला आणि निळा उरला. त्या निळ्याची नक्कल करू नका. अल्ट्रामरीन आणि ऑकरचा हिरवा, बर्न्ट सिएनाने थोडा मारलेला, आणि वाळल्यावर पारदर्शक पिवळ्याची ग्लेझ. पानाचा वरचा भाग आकाशाचा उजेड घेतो म्हणून थंड, निळसर-पांढरट असतो. ज्या पानातून उजेड आरपार येतो ते ऊबदार आणि पिवळसर. एवढा भेद ठेवलात तरी पानांत हवा खेळते. एखाद्या पानाला अळीने खाल्लेली कड द्या, तपकिरी किनार लावून.

थेंब आणि माशी

दवाचा थेंब काढायला पाच मिनिटं लागतात, समजायला बराच वेळ. पान पूर्ण वाळलेलं असू द्या. थेंबाचा आकार म्हणजे पानाचाच रंग. उजेड डावीकडून असेल तर थेंबाची डावी-वरची बाजू आतून गडद करा आणि उजवी-खालची उजळ. पान किंवा फळ रंगवताना आपण करतो त्याच्या बरोबर उलट, कारण उजेड पाण्यातून आरपार जाऊन पलीकडे साठतो. मग गडद बाजूत पांढऱ्याचा एक टिपका आणि थेंबाबाहेर उजवीकडे चंद्रकोरीएवढी सावली, तिच्या मध्ये उजेडाची बारीक रेघ. चित्रभर थेंब शिंपडू नका, तीन पुरे.

माशी, मुंगी, फुलपाखरू, गोगलगाय यांतला एखाद-दुसरा जीव मूळ आकाराएवढा काढा. गळालेली पाकळी आणि खाल्लेलं पान यांच्या जोडीला तो आला की बहराच्या शेजारी त्याचा शेवटही दिसतो. डच प्रेक्षक हे धर्मोपदेशासारखं वाचत. ओटो मार्सेउस या डच चित्रकाराने तर खऱ्या फुलपाखराचे पंख ओल्या रंगावर दाबून त्यांचे खवले चित्रात उतरवले. आपण ब्रशनेच काढू.

वाळवणं आणि शेवट

तेल लागलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. लिन्सीड हवेशी मिळताना उष्णता सोडतं आणि गोळ्यात ती साठून फडकं आपोआप पेटू शकतं. पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात झाकण लावून ठेवा किंवा एकेक पसरून वाळवा. पावसाळ्यात चित्र भिंतीपासून दूर, हवेशीर जागी उभं ठेवा.

सही ओट्याच्या कडेवर, दगडात कोरल्यासारखी करा. राखेल रॉइश उतारवयात सहीसोबत आपलं वयही लिहायची. १७४७च्या चित्रावर ते ८३ आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या फान हॉइसुमच्या एका चित्राची तारीख १७३६ आणि १७३७ अशी आहे. तुमच्या चित्राला दोन वर्षं लागली तर दोन्ही लिहा.

व्हार्निश सहा महिन्यांनी. त्याआधी कुठे रंग बसून मातकट दिसत असेल तर तेवढ्यापुरतं रिटच व्हार्निश चालेल. कोरड्या दिवशी, दारं-खिडक्या लावून, चित्र आडवं ठेवा, मऊ रुंद ब्रशने वरून खाली एका दिशेने पातळ हात द्या आणि एकदा फिरवलेल्या जागी ब्रश पुन्हा नेऊ नका.